जुनी मारुती ८०० मोकळी करून पुन्हा बांधणे आणि पासिंग करणे: नाशिककरांसाठी सविस्तर माहिती

मारुती ८०० चं इंजिन-गिअरबॉक्स घ्यायचं, त्याभोवती पाइपची चौकट बांधायची, वर फायबरची दोन सीटची उघडी बॉडी बसवायची आणि नंबर जुन्या ८०० चाच ठेवायचा, हा बेत नाशिकमध्ये पुष्कळांच्या डोक्यात असतो. सातपूर-अंबडमध्ये पाइप वाकवून मिळतो, लेझर कटिंग होतं, पावडर कोटिंग होतं, त्यामुळे गाडी उभीही राहते. अडतं ते पेठ रोडच्या आरटीओ कार्यालयात. म्हणून सुरुवात कागदापासून करायची, पाना नंतर.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी आरसीवरची नोंद जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ पक्का केला. कलम १८२-अ खाली बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. ब्रिटनमध्ये घरी बांधलेली एकच गाडी तपासून नोंदवून घेण्याची स्वतंत्र सोय आहे आणि तिथली किट कार त्या सोयीवरच उभी आहे. आपल्याकडे नवी गाडी रस्त्यावर आणायची तर केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ खाली उत्पादकाने नमुना गाडी पुण्याची एआरएआय किंवा अहिल्यानगरची व्हीआरडीई अशा संस्थेकडून तपासून घ्यावी लागते. घरच्या एका गाडीसाठी हा रस्ता नाही.

दुसरी अडचण लोखंडाची आहे. जुन्या फोक्सवॅगन बीटलची बॉडी खालच्या तळापासून बोल्ट काढून वेगळी होते, म्हणून जगभर तिच्यावर किट बॉडी चढल्या. मारुती ८०० ला वेगळी चासी नाहीच. तळ, छत, खांब, दाराखालचे पट्टे सगळं मिळून एकच पेटी आहे आणि चासी नंबरही त्या पेटीच्याच पत्र्यावर ठोकलेला आहे. पेटी कापली की गाडीची ताकद गेली आणि ओळखही गेली. कापलेला नंबरचा तुकडा नव्या पाइपांवर वेल्ड करणं हा तर सरळ गुन्हा आहे.

राहतं काय? आकार सोडून जवळपास सगळं. आरसीवर लिहिलेली गाडी हाच आराखडा धरून शेवटच्या बोल्टपर्यंत मोकळी करून पुन्हा बांधता येते आणि कायदेशीर चालवता येते. त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन पूर्वपरवानगीने बदलता येतं. मान्यताप्राप्त सीएनजी किट बसवता येतं, फक्त सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी करावी लागते. रंग बदलायचा तर त्याचीही नोंद आरसीवर व्हायला हवी. बदल झाल्यावर १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं असतं. ज्यांना उघडी दोन सीटचीच गाडी हवी, त्यांनी ती खासगी जागेत किंवा ट्रॅकवर चालवायची आणि तिथपर्यंत ट्रेलरवर न्यायची.

मूळ रूप राखण्याचं आणखी एक कारण आहे. २०२१ पासून ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्थितीतल्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते. पहिल्या मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आल्या. त्यांची पन्नाशी २०३३ च्या डिसेंबरात भरते.

कोणती ८०० घ्यायची

१९८३ ते ८६ ची पहिली पिढी हवीहवीशी वाटते, पण तिचे दिवे, काचा, पॅनेल मिळवताना वर्षं जातात. हे काम पहिल्यांदाच करणाऱ्याने ती घेऊ नये. १९८६ नंतरची कार्ब्युरेटरवाली गाडी शिकायला उत्तम. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं एफ-८-बी इंजिन उघडं, सरळ आणि दोन माणसांना उचलून ठेवता येईल इतकं हलकं आहे. २००० च्या सुमारास एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी संगणकाच्या नियंत्रणाने पेट्रोल फवारणारी यंत्रणा) आलं. रोज वापरायची असेल तर तीच घ्या. २०१० मध्ये मुंबई-पुण्यासह तेरा शहरांत ८०० ची विक्री थांबली, उत्पादन मात्र जानेवारी २०१४ पर्यंत चाललं, त्यामुळे त्या शहरांबाहेर अजून १५ वर्षं न भरलेल्याही गाड्या सापडतात. अशा गाडीला पासिंगची, म्हणजे आरटीओत गाडी तपासून नोंदणीची मुदत वाढवून घेण्याची, घाई नसते आणि काम निवांत करता येतं.

दिल्लीकडून येणाऱ्या स्वस्त गाड्यांचा मोह टाळा. तिथे १५ वर्षांपुढच्या जुन्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध असल्याने किंमत पडलेली असते, पण फॉर्म २८ ची एनओसी, इथला कर आणि नव्या नंबरची नोंदणी धरली की बचत उरत नाही.

कागद: पैसे देण्याआधी

परिवहन पोर्टलवर नंबर टाकून आरसीची स्थिती, मुदत, कर्जाचा बोजा, ब्लॅकलिस्ट आणि थकलेली चलनं पाहा. आरसी 'रद्द' किंवा 'स्क्रॅप' दिसत असेल तर तिथेच थांबा. मुदत संपलेली गाडी घेतली तर चालेल, रद्द झालेली नाही.

मग बॉनेट उघडा. इंजिनामागच्या, केबिन आणि इंजिन यांच्यामधल्या आडव्या पत्र्यावर चासी नंबर ठोकलेला असतो. फडक्याला डिझेल लावून तो पुसा, वर पातळ कागद धरा आणि पेन्सिल आडवी घासा. एकेक आकडा उमटत जातो. एखादा आकडा इतरांपेक्षा उथळ, तिरका किंवा घासलेल्या पत्र्यावर वाटला, तर गाडी कितीही चांगली असली तरी सोडा. इंजिन नंबर ब्लॉकवर असतो. दोन्ही आरसीशी ताडून घ्या. पुढे रंगकामाआधी चासी नंबरावर ग्रीसचं बोट फिरवून वर मास्किंग टेप लावा आणि पेंटरला तोंडी बजावून सांगा. नंबरावर पुट्टी भरली गेली किंवा ग्राइंडर फिरला तर पासिंगच्या दिवशी निरीक्षकाला काही दाखवता येत नाही.

नावावर करताना फॉर्म २९ आणि ३०, मूळ मालक हयात नसेल तर वारसाकडून फॉर्म ३१, कर्ज फिटलेलं असेल तर बँकेच्या सहीचा फॉर्म ३५. काम सुरू करण्याआधी गाडी स्वतःच्या नावावर करून घ्या. वर्षभराने विकणारा गाव सोडून गेलेला असतो.

मुदत संपून किती महिने झाले तेही मोजा. खासगी चारचाकीला नूतनीकरणाच्या उशिराबद्दल दरमहा ५०० रुपये जादा शुल्क लागतं. दोन वर्षं पडून असलेल्या गाडीचे हे १२,००० रुपये व्यवहारातच वळते करून घ्यावेत.

मोकळी करणे

१० बाय १८ फुटांची झाकलेली जागा, चार घोड्या (उचललेली गाडी पेलणारे लोखंडी आधार), एक ट्रॉली जॅक, १०, १२, १४, १७ आणि १९ चे रिंग पाने व सॉकेट, टॉर्क रेंच आणि झिपच्या पिशव्या एवढं लागतं. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली शिरू नका. सर्वांत आधी बॅटरी काढा, मग पेट्रोलची टाकी रिकामी करून उतरवा आणि वेल्डिंगच्या जागेपासून लांब ठेवा.

प्रत्येक जोड सोडण्याआधी फोटो, सोडल्यावर बोल्ट त्याच पिशवीत, पिशवीवर मार्करने जागेचं नाव. वायरिंगच्या प्रत्येक सॉकेटला दोन्ही बाजूंना एकच आकडा लिहिलेला टेपचा तुकडा लावा. गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्री तेल मारून ठेवा. सायलेन्सरचे आणि मागच्या शॉकॲबचे (शॉक ॲब्झॉर्बरचे) बोल्ट जोर लावून तुटतात, तिथे घाई केली की ड्रिल मारण्यात दिवस जातो.

पत्रा: पैसा आणि वेळ इथेच जातो

इंजिनाचा सुटा भाग द्वारका-सारडा सर्कल पट्ट्यात अर्ध्या दिवसात मिळतो. सडलेला तळ मात्र कुणी डब्यात भरून देत नाही. म्हणून ८०० विकत घेताना इंजिनापेक्षा पत्रा पाहून घ्या.

ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट आणि त्याखालचं डांबरी पॅड उचला. वरून रंग शाबूत दिसतो. स्क्रू ड्रायव्हरची मूठ तिथे ठोका: निरोगी पत्रा टणक वाजतो, सडलेला बद्द वाजतो. बद्द वाजला तिथे टोक दाबा. ओल्या पुठ्ठ्यासारखं आत गेलं तर वरचा रंग म्हणजे नुसता पापुद्रा आहे. हे पाणी बहुधा खालून आलेलं नसतं. पुढच्या काचेचं रबर कडक होतं, तिथून किंवा वायपरखालच्या नाळीत पानं अडकून पाणी केबिनमध्ये झिरपतं आणि पॅडखाली महिनोन्महिने साचून राहतं. खात्रीसाठी एकाने टॉर्च घेऊन आत बसावं आणि दुसऱ्याने काचेच्या खालच्या कडेपासून हळूहळू वर पाइपने पाणी सोडावं. ज्या उंचीला आत थेंब दिसतो, तीच गळतीची जागा. गळती न शोधता तळ बदलला तर दोन पावसाळ्यांत तो पुन्हा जातो.

याच रीतीने बॅटरीखालचा पत्रा, पुढच्या शॉकॲबच्या वरच्या टोप्या, दाराखालचे पट्टे, मागच्या चाकांच्या कमानी, डिकीचा तळ आणि दारांच्या खालच्या कडा तपासा. शॉकॲबच्या टोप्या आणि दाराखालचे पट्टे दोन्ही खाल्लेले असतील तर ती गाडी सुट्या भागांसाठीच घ्यावी.

दुरुस्तीचा क्रम मोडू नका. गाडी सपाट जमिनीवर घोड्यांवर समतल घ्या. दारं लावलेलीच ठेवा आणि दाराभोवतीच्या फटी मोजून भिंतीवर लिहा. दाराखालचा पट्टा कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा अँगल टाका. आधार न देता पट्टा कापला की पेटी मधोमध बसते आणि नवा पत्रा जोडल्यावर दार कायमचं घासतं. एका वेळी एकच बाजू करा.

सडलेल्या भागाच्या पुढे साधारण २५ मिलिमीटर चकाकता पत्रा लागेपर्यंत कापा. तळाला एक मिलिमीटरची, बाहेरच्या पॅनेलला ०.८ ची सीआर (कोल्ड रोल्ड) शीट पुरते. सीओटू वेल्डिंगच वापरा. गॅसच्या ज्योतीने आजूबाजूचा पत्रा तापून लाटा येतात. एक टाका इथे, पुढचा हातभर लांब, मग दोन्हींच्या मध्ये, असं जात राहा आणि टाका हाताला सोसेल इतका निवल्यावर शेजारी दुसरा मारा. सलग शिवण मारणारा कारागीर वेळ वाचवतो आणि पुट्टी वाढवतो.

वेल्ड घासल्यावर त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर मारा. नाशिकच्या पावसाळी हवेत उघडा पत्रा एका रात्रीत तांबूस होतो. जोडांवर सीलर, खालून अंडरकोट, आणि दाराखालच्या पोकळ पट्ट्यांत वॅक्सचा फवारा. पट्ट्यांची आणि दारांची खालची भोकं पाणी बाहेर जाण्यासाठीच असतात, ती अंडरकोटने बुजवू नका.

पुट्टी तीन मिलिमीटरच्या वर जाऊ देऊ नका आणि ती उघडी ठेवूही नका. पॉलिस्टर पुट्टी पाणी पिते, वर रंग चढला तरी ते आतच राहतं आणि सहा महिन्यांत फोड येतात. घासकाम ८० नंबरच्या पेपरपासून १८०, मग सरफेसरवर ४०० आणि ८०० चा ओला पेपर. या आकाराच्या गाडीला अडीच ते तीन लिटर रंग धरा. रंगकाम ऑक्टोबर ते मे या काळातच ठेवा. जुलै-ऑगस्टच्या ओलसर हवेत चकाकी दुधाळ होते. टू-के पीयूच्या (हार्डनर मिसळून मारायच्या पॉलियुरेथेन रंगाच्या) हार्डनरमधली वाफ फुप्फुसांना कायमची इजा करते. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, बूथमध्ये योग्य मास्क लावून काम करणाराच पेंटर निवडा.

इंजिन

इंजिन उतरवण्याआधीच, गरम असताना, तिन्ही प्लग काढून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजा. तिन्हींमधला फरक एक किलोपेक्षा जास्त नको. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर दोष रिंगांचा, तसाच राहिला तर व्हॉल्व्हचा. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी आले तर हेड गॅस्केट गेलेलं समजा. ही पाच मिनिटांची चाचणी केली नाही म्हणून चांगलं इंजिनही बोअरिंगला जातं.

हेड ॲल्युमिनियमचं आहे, एकदा तापलं की वाकतं. सरळ पट्टी आडवी-तिरपी ठेवून खाली फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाला; ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त फट असेल तर मशीन शॉपमध्ये फेसिंग करून घ्या. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, तीन फेऱ्यांत आवळा. टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर जुने दिसत नसले तरी बदला, आणि बेल्ट चढवल्यावर क्रँक पान्याने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळतात का पाहा. फायरिंगचा क्रम १-३-२ आहे.

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकण्याची सवय गॅरेजमध्ये सर्रास आहे. त्याने मूळ रोग जात नाही. इंजिन थंडच धावतं, मिश्रण जाड राहतं, ॲव्हरेज पडतं आणि बोअर झिजतात. थर्मोस्टॅट तपासायला गॅरेजही लागत नाही. पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने मध्येच लटकवा, तळाला टेकू देऊ नका. थर्मामीटर ठेवून गॅस मंद करा. पाणी उकळायच्या आधीच, त्याच्यावर छापलेल्या अंशाजवळ, मधली चकती सावकाश उघडायला हवी. पाणी उकळलं तरी चकती हलली नाही तर नवा घ्या. रेडिएटरमध्ये बोअरवेलचं पाणी नको, आत क्षाराचे थर बसतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे घाला.

पेट्रोलच्या बाबतीत नवा मुद्दा ई-२० चा, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा. जुनी रबरी नळी, कार्ब्युरेटरचा डायफ्राम आणि ओ-रिंग इथेनॉलने फुगतात किंवा तडकतात. टाकीपासून इंजिनापर्यंतची प्रत्येक रबरी नळी इथेनॉल चालेल अशीच घ्या. टाकी आतून गंजलेली असेल तर साफ करून घ्या, नाहीतर पहिल्याच आठवड्यात जेट तुंबतात. काम चालू असताना अर्धी भरलेली टाकी महिनोन्महिने ठेवू नका. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं.

ब्रेक आणि वायरिंग

ब्रेकमध्ये वाचवण्यासारखं काही नाही. सगळे रबरी होज, मागचे व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडरची किट, पुढचे पॅड, मागचे लायनर नवेच घाला. लोखंडी नळी जिथे क्लिपखाली दबते तिथे आतून खाल्लेली असते, म्हणून क्लिप काढून पाहा. डॉट-३ ब्रेक ऑइल सीलबंद डब्यातलंच हवं. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात करा.

वायरिंगमध्ये हेडलाइटची जुनी रीत सुधारण्यासारखी आहे. ६० वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर १० अँपिअर ओढतात आणि तो सगळा भार डॅशबोर्डच्या स्विचमधून गेला की स्विच वितळतो. रिले (स्विचच्या थोड्या करंटवर मोठा भार चालू-बंद करणारा भाग) टाका, अडीच स्क्वेअर मिलिमीटरची वायर आणि १५ अँपिअरचा फ्यूज वापरा. ९०-१०० वॅटचे बल्ब नकोत, होल्डर जळतो आणि समोरच्यालाही दिसेनासं होतं. रंगकामानंतर अर्थिंगच्या जागी रंग खरवडून चकाकता पत्रा काढा. रंगकामानंतर 'सगळं नवीन आहे तरी दिवे मंद का' या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं.

पासिंग

मुदत संपलेली गाडी चाचणीसाठीही रस्त्यावर काढू नका, टोइंगवर न्या. मुदत शिल्लक असेल तर संपण्याआधी ६० दिवसांपासून फॉर्म २५ भरता येतो. अर्ज, शुल्क आणि अपॉइंटमेंट परिवहन पोर्टलवरच होतं. शुल्क १५ ते २० वर्षांच्या गाडीला ५,००० रुपये आहे. २० वर्षांपुढच्या गाडीला २०२५ पासून १०,००० झालं. वर राज्याचा पर्यावरण कर. सोबत आरसी, चालू विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा, पॅन आणि नंबरांची पेन्सिल प्रिंट ठेवा. विमा खंडित असेल तर कंपनी आधी गाडी पाहते, त्यासाठी आठवडा हाताशी राखा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) बसवलेली हवी.

पीयूसीला एमपीएफआय गाड्या अडतात. बीएस-२ आणि बीएस-३ (भारत स्टेज या प्रदूषण मानकांचे टप्पे) पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.५ टक्के आहे, त्याआधीच्या गाडीला ३ टक्के. मागच्या कुणीतरी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कापून सरळ पाइप टाकलेला असेल तर कितीही ट्यूनिंग केलं तरी ०.५ येत नाही. सायलेन्सर उतरवला तेव्हाच हे बघून घ्यायचं.

निरीक्षक आधी नंबर पाहतात, मग दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, ब्रेक, हँडब्रेक, सीटबेल्ट, आरसे आणि टायर. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी नको, माप मूळचंच हवं. काचांवरची फिल्म आणि बाहेरचे लोखंडी गार्ड आदल्या दिवशीच काढून टाका. रंग आरसीपेक्षा वेगळा असेल तर तो अर्ज याच वेळी जोडा. पास झालेल्या गाडीची नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी वाढते.

खरी चाचणी त्यानंतर. पहिले २५-३० किलोमीटर त्र्यंबक रोडने शांतपणे जाऊन या आणि गाडी पूर्ण निवल्यावर चाकांचे नट, सायलेन्सरचे बोल्ट आणि सगळ्या होजच्या क्लिपा पुन्हा आवळा. ऑइल व कूलंटची पातळी बघा, गाडीखाली रात्रभर पुठ्ठा ठेवून सकाळी डाग पाहा. दोन आठवडे शहरात चालली की एका सकाळी कसारा घाट उतरून पुन्हा चढा. चढावर तापमानाचा काटा मधल्या खुणेवर स्थिर राहिला आणि माथ्यावर थांबल्यावर रेडिएटरचा पंखा स्वतःहून लागून बंद झाला, तर कूलिंगचं काम बरोबर झालं आहे. काटा चढतच गेला तर बाजूला घ्या, इंजिन निवेपर्यंत रेडिएटरचं झाकण उघडू नका, आणि परत आल्यावर आधी पंख्याचा स्विच तपासा, मग रेडिएटर.